नऊ नंबरची पट्टी

माझ्या सासूबाई कुत्र्यांना भयंकर घाबरतात, आणि दीड वर्षापासून भटक्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये फुकट काम करतात. हे ऐकून लोक हसतात. मीही हसायचे.

दवाखान्याच्या चादरी शिवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर, शेल्टरला जुन्या चादरींच्या गाद्या शिवून हव्यात असं कळलं आणि स्वतःच जाऊन नाव देऊन आल्या. "काम कापडाचं आहे, कुत्र्यांचं नाही," असं आम्हाला बजावलं. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, मागे जाळीचं दार आणि दारापलीकडे पिंजरे. ते दार त्यांनी कधीच ओलांडलं नव्हतं. आतून कुणी जोरात भुंकलं की यांचा पाय पायट्यावर थिजायचा.

त्यात स्वच्छतेचं वेड. मळकं कापड दिसलं की जीव वरखाली. दोऱ्यात गाठ दिसली तर जेवणाचं ताट बाजूला सारून सोडवत बसतील.

शेल्टरच्या डॉक्टरीणबाईंची एक पद्धत होती. प्रत्येक पिंजऱ्याला नंबर घातलेली पांढरी पट्टी. कागद लावले तर पाणी मारताना भिजायचे, म्हणून कापड. कुणाला चावलेला कुत्रा आला की रोज सकाळी त्याच्या पट्टीला एक गाठ मारायची. दहा दिवस तो ठणठणीत राहिला, तर चावला तेव्हा पिसाळलेला नव्हता हे नक्की. मग गाठी सोडायच्या. साधी पट्टी म्हणजे हात लावायला हरकत नाही. हे आतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, शनिवारी आईंना घ्यायला जाणाऱ्या मलासुद्धा. दाराअलीकडे बसणाऱ्या आईंना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आतलं काही विचारायची त्यांची छाती नव्हती.

त्या शनिवारी सफाईवाल्याने पट्ट्या काढून "जरा बुचकळून द्या" म्हणून त्यांच्यापुढे ठेवल्या. मी पोचले तेव्हा आईंनी माझ्या हातात इस्त्री केलेला गठ्ठा दिला. "तू आत जातेसच, तर नंबर बघून बांधून ये."

एकाही पट्टीला गाठ नव्हती. मला शंका यायला हवी होती. पण मी स्वतःला फार शहाणी समजते. नऊ नंबरचा तपकिरी कुत्रा शेपूट हलवत होता, पट्टी साधी होती, मी जाळीतून हात घातला. त्याने तो धरला. दोन दात तळव्यात गेले.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. पट्टी बघून त्यांचा चेहरा उतरला. "हा पोस्टमनला चावून आलाय! काल सकाळी आणलाय! याच्या दोन गाठी गेल्या कुठे?"

जाळीच्या दारापाशी आई उभ्या होत्या. "मी सोडवल्या," त्या म्हणाल्या. "सुईच्या टोकानं, एकेक. मला वाटलं गुंता झालाय."

नळाखाली साबणाने हात धुतला, लगेच दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घेतली. आता घाबरायचं कारण नाही, असं तिथे सांगितलं. कुत्र्यावर मात्र आजपासून पुन्हा दहा दिवस नजर. डोक्याला सगळं पटलं, पोटाला पटेना. घरी मी नवऱ्यासमोर विनोद केले आणि बाथरूमची कडी लावून हात पुन्हापुन्हा साबणाने धूत बसले. आई जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जाळीचं दार उघडलं आणि आत गेल्या. भिंतीला पाठ लावून, स्टुलावर पाय वर घेऊन नऊ नंबरसमोर बसल्या. डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "गाठ मी मारणार." मग रोज तेच.

सातव्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "तो सकाळपासून पाणी पीत नाही."

ऑफिसमधून मी कशी निघाले, आठवत नाही. आईंची नजर वाटीवर खिळली होती. कुत्रा कोपऱ्यात तोंड खुपसून पडला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हानेही असेल, थांबून बघू. मी आईंशेजारी खाली बसले.

"आम्हा दोघा भावंडांना एकच कुत्रा चावला होता," आई वाटीकडे बघतच म्हणाल्या. "माझी पोटरी फाडली, म्हणून मला पोटात चौदा सुया. धाकट्याला नुसतं खरचटलं होतं. तो सुयांना भ्यायचा. ताई, सांगू नकोस म्हणाला. मी नाही सांगितलं." पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या पुढे म्हणाल्या, "शेवटी पेला पुढे केला तरी किंचाळायचा. आणि आता तू."

मी त्यांचा हात धरला. तीन तास आम्ही तशाच बसलो. ऊन कललं तेव्हा कुत्रा उठला, अंग झटकलं आणि वाटीपाशी आला. वास घेतला. मग चपचप, चपचप, वाटी रिकामी होईपर्यंत प्यायला. आई ओक्साबोक्शी रडल्या. मीही.

दहाव्या गाठीनंतरही तो ठणठणीत होता. "आता सोडा गाठी," डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. मी नखं लावून पाहिली, त्यांनी चिमटा लावला. एकही गाठ हलेना. रोज सकाळी आईंनी किती जोर लावून आवळल्या होत्या कोण जाणे. शेवटी नऊ नंबरला आईंनीच नवी पट्टी शिवून दिली.

जुनी पट्टी मशीनच्या खणात आहे, काळीकुट्ट मळलेली. परवा मी म्हटलं, "आई, द्या, धुऊन टाकते."

"हात लावू नकोस तिला," त्या म्हणाल्या आणि खण बंद केला.