मामाचा रेकॉर्डवरचा कान

मामाला डाव्या कानाने काहीच ऐकू यायचं नाही, आणि सरकारी कागदावर त्याचा डावा कान एकदम ठणठणीत होता. तो कागद दुरुस्त करून घ्यायचा, एवढंच काम होतं. पण त्याला वर्ष लागलं, आणि त्यातला अर्धा वेळ मी "असं झालंच कसं" ह्याच्याच मागे लागले होते. कागद चुकला म्हणजे तो कोणीतरी चुकवला असणार ना?

आधी मामा कोण ते सांगते. आईचा मोठा भाऊ. तोफखान्यात होता, ऑफिसात नाही, तोफेवरच. हवालदार होऊन रिटायर झाला आणि नाशिकबाहेर मखमलाबादच्या बाजूला घरच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती करायला लागला. मी नामपूरची. दोन हजार सालानंतरची गोष्ट, मला अकरावीला नाशिकचं कॉलेज मिळालं, तेव्हा आईने मला त्याच्याकडे आणून सोडलं. मी टायपिंगच्या क्लासला जायचे, बोटं भराभर चालायची, त्यामुळे घरातले सगळे अर्ज आपोआप माझ्याकडे. मीटरचा अर्ज, गॅसचा अर्ज, आणि मग हा.

फौजेतून बाहेर पडताना एक पुस्तिका देतात, तिला डिस्चार्ज बुक म्हणतात. त्यात उंची, छाती, कुठे कुठे नोकरी केली, वागणूक कशी होती, दर वर्षीच्या आणि शेवटच्या मेडिकलमध्ये काय निघालं ते सगळं असतं. मामाच्या पुस्तिकेत दोन्ही कानांपुढे 'नॉर्मल' लिहिलं होतं. मामीला इंग्रजी येत नव्हतं, पण हा एक शब्द तिने कोणाकडून तरी वाचून घेतला होता आणि तिला तेवढा पुरत होता. ती ओट्यापाशी उभी राहून मामाला हाक मारायची. एकदा, दोनदा, तीनदा. मामाचा डावा कान तिच्याकडे असला की तो तसाच बसून राहायचा. मग ती त्याच्याकडे बघत मला ऐकवायची, "सरकारने लिहून दिलंय, कान चांगले आहेत म्हणून. फक्त माझा आवाज आला की बंद पडतात."

मला आधी हसू यायचं. मग लक्षात आलं की ती गंमत करत नाहीये. तिला खरंच वाटायचं, हा माणूस इतकी वर्षं लांब राहून आला आणि आता आपल्याशी बोलायचं नको म्हणून सोंग करतो.

त्यात त्याचा उजवा कानही थोडा कमी झाला. शहरातल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, डावा जवळपास गेलाय, खूप जुना आहे, मोठ्या आवाजाने जातो तसा गेलाय. मामा तो रिपोर्ट घेऊन माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेला. तिथल्या माणसाने पुस्तिका उघडून नीट समजावून सांगितलं, की बाहेर पडताना कान नॉर्मल होते, म्हणजे हे नंतर झालं, वयाने. नोकरीत झालं म्हणायचं असेल तर आधी रेकॉर्ड दुरुस्त करून आणा.

मामाने तेव्हा जेमतेम पन्नाशी गाठली होती. ते 'वयाने' त्याला फार लागलं. घरी आल्यावर मला म्हणाला, "कानाचं मशीन मी माझ्या पैशाने घेईन. मला फक्त एवढं लिहून पाहिजे, की कान तोफेपाशी गेला."

मी उत्साहात त्याच संध्याकाळी अर्ज टाइप करून आणला. तपासणीच्या वेळी डॉक्टरांकडून चुकीची नोंद झाली, ती कृपया दुरुस्त करावी, वगैरे. मामाने तो माझ्याकडून मराठीत सांगून घेतला आणि म्हणाला, डॉक्टरांची चूक नव्हती, ते काढ. मग लिहिणाऱ्या क्लार्कची? त्याचीही नव्हती. मग कोणाची, असं विचारल्यावर तो म्हणाला, मोटर चालू राहिलीये का बघून येतो, आणि मळ्यात निघून गेला. लाइट दुपारपासून गेलेली होती. कसली मोटर?

आता मला झोप कशी येणार? मी त्याच्यावर प्रयोग सुरू केले. तो शेवंतीला पाणी देत असला की मागून डावीकडे जाऊन हळूच म्हणायचं, "मामा, जिलेबी." काही नाही. मोठ्याने म्हटलं तरी काही नाही. उजवीकडून म्हटलं की वळून विचारायचा, कुठंय? म्हणजे सोंग नक्की नव्हतं. आणि कान असा असेल तर मेडिकलमध्ये तो पास झालाच कसा? बरं, फक्त शेवटच्याच नाही, दर वर्षीच्या मेडिकलमध्ये कान नॉर्मल होते. मला वाटलं पुस्तिकाच दुसऱ्या कोणाची असेल. फोटो बघितला. मामाच होता, नुसता बारीक.

उत्तर मिळालं फुलबाजारात.

कळवणचे एक काका अधूनमधून आमच्याकडे यायचे. मामाच्याच तोफेवर होते, दोघं बरोबरच रिटायर झालेले. ते मामाला अजून उस्ताद म्हणायचे. त्या दिवशी ते मुक्कामी होते म्हणून पहाटे आमच्याबरोबर टेम्पोत आले. मामा टेम्पोत उभा राहून झेंडूचे कॅरेट खाली देत होता. व्यापारी त्याच्या पाठीमागे, तेही डावीकडे, आणि बाजारातला तो सगळा कालवा. व्यापाऱ्याने भाव सांगितला. मामा मागे न बघताच म्हणाला, नाही परवडत. व्यापाऱ्याने भाव वाढवला. मामा म्हणाला, आणखी थोडं.

मी कॅरेट हातात धरून तशीच उभी. मला सुद्धा त्या आवाजात अर्धंच ऐकू आलं होतं, ह्याला कसं आलं? म्हणून मी मामा कुठे बघतोय ते बघितलं. तो समोर उभ्या असलेल्या कळवणच्या काकांकडे बघत होता. आणि काकांचा हात मांडीपाशी होता, बोटं उघडत होती, मिटत होती. व्यापारी आकडा बोलला की ह्यांच्या बोटांवर तोच आकडा.

परत येताना टेम्पोच्या केबिनमध्ये दोघांच्या मधे बसून मी सरळ विचारलं, मेडिकलला पण असंच केलंत ना? मामा समोर रस्त्याकडे बघत राहिला. काका इतके हसले की त्यांना खोकला लागला.

तोफ चालू असताना एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून आकडे हाताने दाखवायची त्यांना सवय होती. कानाच्या तपासणीत डॉक्टरकडे पाठ करून उभं करतात, एक कान बंद, आणि डॉक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कुजबुजल्यासारखे आकडे म्हणतात. आपण तेच परत म्हणायचे. पुढच्या नंबरचा माणूस समोर दारात थांबलेला असतो. हा पुढचा नंबर दर वर्षी कळवणचे काका लावून घ्यायचे. कान खराब निघाला तर तोफेवरून काढून स्टोअरमध्ये बसवतील, हवालदारी हुकेल, म्हणून मामाने हे सुरू केलं.

मी म्हटलं, पण शेवटच्या मेडिकलला कशाला? तेव्हा तर घरीच यायचं होतं.

मामा पहिल्यांदा बोलला. "दसरा तोंडावर होता. झेंडू तोडायला आला होता. कान सांगितला असता तर हॉस्पिटलात ठेवून घेतलं असतं, दसरा तिकडेच झाला असता. तुझी मामी एकटी काय काय करणार?"

म्हणजे झेंडूसाठी. त्या दसऱ्याचा झेंडू केव्हाच विकून गेला होता, आणि कान मात्र कागदावर ठणठणीत राहिला होता.

आता गंमत अशी की अर्ज करायचा तर खरं लिहावं लागणार. आणि खरं लिहायचं म्हणजे, मी दर वर्षी फसवलं, असं मामाने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं. त्याच्या पुस्तिकेत वागणुकीपुढे एकदम उत्तम शेरा होता. तो त्याला पाठ होता. हा अर्ज गेला की त्या शेऱ्याचं काय, हे त्याच्या डोक्यात. मला म्हणाला, राहू दे, लिहू नको. त्यावर काका म्हणाले, लिहायचं, आणि साक्षीदार म्हणून माझं नाव बी घालायचं. मामाने साफ नाही सांगितलं. तुझ्या पेन्शनला धक्का लागला तर? काका म्हणाले, लागला तर लागला, लय जुनी गोष्ट हाय. मामा ऐकेना. असं दोन मुक्काम चाललं.

शेवटी काका कळवणला गेले आणि पुढच्या खेपेला स्टॅम्प पेपरवर सगळं लिहून, नोटरी करूनच आले. मामाच्या हातात देऊन म्हणाले, "उस्ताद, तेव्हा मी बोटं उघडली नसती तर आज हा अर्ज करावाच लागला नसता. आता माझं बी ऐका की थोडं."

मामाने तो कागद दोनदा वाचला. मग मला म्हणाला, घे लिहून. आणि त्याने स्वतः सांगितलं, मी लिहून घेऊन क्लासात टाइप केलं. डॉक्टरांची चूक नाही, मी ऐकू येतं असं भासवलं, कारण घरी जायचं होतं. झेंडूचं पण लिहिलं. मी विचारलं, इंग्रजीत झेंडू लिहायचा का खरंच? म्हणाला, कारण तेच आहे तर तेच लिही.

रेकॉर्ड ऑफिसला अर्ज गेला, त्यांचं पत्र आलं, आमचं गेलं, परत आलं. शेवटी छावणीतल्या हॉस्पिटलात मेडिकल बोर्डापुढे बोलावलं. मामीला मामाने ह्यातलं काही सांगितलेलं नव्हतं. तिला एवढंच माहीत की कानाची तपासणी आहे, आणि ती मुद्दाम आली. पोळ्या बांधून घेतल्या, चांगली साडी नेसली. रिक्षात मला म्हणाली, बघूच आता, डॉक्टरांसमोर किती सोंग चालतं.

खोलीचं दार उघडंच होतं. आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर, आणि कळवणचे काका दारासमोर उभे. मामा आमच्याकडे तोंड करून, उजवा कान एका शिपायाने दाबून धरलेला. डॉक्टर मागे, लांब. डॉक्टरांनी पहिला आकडा म्हटला. आम्हाला तो बाकावर ऐकू आला.

मामाची नजर सवयीने काकांच्या हाताकडे गेली. मी बघितली ना, खाली गेलेली. काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरून ठेवले.

मामा गप्प. डॉक्टर दोन पावलं पुढे आले, परत म्हणाले. मामा गप्प. त्याचे ओठ हलले, मला वाटलं अंदाजाने काहीतरी ठोकून देणार. सगळ्या नोकरीत एकदाही नापास झाला नव्हता तो. पण त्याने ओठ मिटून घेतले. डॉक्टर आणखी जवळ आले. शेवटी ते मामाच्या अगदी मागे उभं राहून नेहमीच्या आवाजात आकडा बोलले, आणि मामा ताठ उभा, समोर बघत. त्याच्यामागे कोणी आहे हेही त्याला माहीत नव्हतं.

मामी बाकावरून उठली होती. पोळ्यांची पिशवी तिच्या हातात तशीच. मला हळूच म्हणाली, "अगं, डॉक्टरांना सांग ना, त्याला नाही येत ऐकू." मामाला ती कधी अरे-तुरे करत नव्हती. त्या दिवशी 'त्याला' म्हणाली.

निकाल काही महिन्यांनी आला. जुनी नोंद खोडता येत नाही, पण नव्या बोर्डाचा निष्कर्ष तिला जोडला आहे: डाव्या कानाचं नुकसान जुनं असून नोकरीतल्या तोफेच्या आवाजाशी त्याचा संबंध आहे. वागणुकीच्या शेऱ्याबद्दल पत्रात काहीच नव्हतं, तो होता तसाच राहिला. काकांच्या पेन्शनलाही काही झालं नाही. मामाने माझ्याकडून ते पत्र मराठीत सांगून घेतलं, मग मामीला सांगायला लावलं. मामी म्हणाली, मला काय सांगता, मी तिथेच होते.

पण मला आठवतं ते ह्याच्याही आधीचं, त्याच दिवशीचं. हॉस्पिटलातून बाहेर पडल्यावर रिक्षा मिळेपर्यंत आम्ही चालत होतो. मामी नेहमीसारखी मामाच्या डाव्या बाजूने निघाली, थोडी पुढे गेली, थांबली. मग त्याच्या मागून वळसा घालून उजवीकडे आली आणि विचारलं, भूक लागली का?

मामा म्हणाला, लागली.