शेवटचं गणित सोडणारी पोर

तिसरीच्या बाईंना सगळी शाळा पाठीमागे भिंगरीबाई म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं, पण वाईट वाटून घ्यायलाही सवड लागते. बाकांच्या रांगांमधून त्या नुसत्या गरगरत असायच्या. एखादं पोर हात बांधून बसलेलं दिसलं की त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची. "झालं का? शाब्बास! हे घे आणखी पाच." रिकामं पोर आणि वाहता नळ, दोन्ही त्यांना सारखेच बघवत नसत. हुशार पोरांसाठी आपण किती करतो, असं त्यांना मनापासून वाटायचं.

डोक्याला ताप होता तो शेपटीचा. ही इस्त्रीवालीची धाकटी. वहीत सगळी गणितं बरोबर, शेवटचं मात्र कोरं. रोज. "आजही शेपूट राहिलंच का गं?" असं बाई ओरडायच्या, त्यावरून पोरांनी तिचं नावच शेपूट पाडलं. विचारावं तर म्हणायची, "करतेय, बाई," आणि खिडकीबाहेर बघत पाय हलवत बसायची. चाचणीतही तेच. शेवटी वैतागून बाई मोठ्या सरांना म्हणाल्या, "हिला कच्च्या तुकडीत टाका. माझ्याच्यानं होत नाही."

सरांनी मान डोलावली, पण बाईंना काही चैन पडेना. निदान आईच्या कानावर घालावं म्हणून शाळा सुटताच त्या इस्त्रीच्या दुकानात गेल्या.

दुकान कसलं, जिन्याखालची खोली. तापल्या कापडाचा वास, छताला टेकलेले गठ्ठे. त्यांच्यामध्ये शेपूट फतकल मारून बसली होती. समोर फरशीवर खडूनं गल्ल्या आखलेल्या, घरांच्या जागी तुटकी बटणं.

"या बाई," आईनं इस्त्री उभी केली. "अगं, बाईंना जागा दे."

"बाई, बटणांवर पाय नको!"

"हा काय पसारा मांडलाय?"

"तिला विचारू नका, सुटका नाही व्हायची," आई हसली. "कुणाचे कपडे आधी पोचवायचे ते ठरवते बया. आधी मी त्याच गल्लीत दोनदोनदा तंगडतोड करायचे. आता नाही."

बाईंनी वाकून एक बटण उचललं. "आणि या घराला आज कुलूप असलं तर?"

शेपटीनं नखानं फरशी खरवडली. मग भराभर बटणं सरकवली. "मग मागून उलटं जायचं. पण चढावर जड गठ्ठा नको, म्हणून हे घर आधी."

बाईंनी हातातलं बटण अलगद जागेवर ठेवलं. "मग शेवटचं गणित का सोडतेस गं?"

पोरीनं आईकडे पाहिलं.

"सांग की. खात नाहीत त्या तुला."

"संपवलं की तुम्ही आणखी देता," शेपूट म्हणाली. "तसलीच."

ज्या कामासाठी आल्या होत्या ते बोलायचं बाईंच्या ध्यानातच राहिलं नाही. घरी पोचेपर्यंत त्यांचं एकच चाललं होतं: आपण बक्षीस म्हणून देत होतो, पोरं शिक्षा म्हणून घेत होती.

दुसऱ्याच दिवशी विशेष वर्गाची निवड होती. निवडलेल्या मुलांना दर शनिवारी वेगळं शिकवायचं. त्यासाठी बाहेरून परीक्षक मॅडम येणार होत्या. बाईंनी मोत्यासारख्या अक्षराची दोन शहाणी पोरं आधीच सुचवली होती. सकाळी त्या धापा टाकत मोठ्या सरांपुढे उभ्या राहिल्या.

"शेपटीलाही बसवा."

"अहो, काल कच्च्या तुकडीत टाका म्हणालात!"

"काल मी मूर्ख होते."

"आणि आज?"

"आज निदान तसा संशय आलाय."

सर हसले आणि हो म्हणाले. दाराशी बाईंनी पोरीला गाठलं. "आज सगळं सोडव. शेवटचंसुद्धा. आणखी कुणी देणार नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ."

शेपटीचा पेपर सगळ्यांच्या आधी झाला. मॅडमनी तो चाळला, भुवया उंचावल्या आणि तिच्यापुढे दुसरा कागद ठेवला. पोरीनं दारात उभ्या बाईंकडे असं पाहिलं की त्यांना पळून जावंसं वाटलं. तिनं कागद पालथा घातला, पेन्सिल ठेवली आणि पाय हलवायला लागली.

बाई व्हरांड्यात येरझारा घालू लागल्या. आत बोलायला बंदी. पण पोर अशीच बसून राहिली तर विशेष वर्ग गेला, आणि उद्यापासून कच्ची तुकडी ठरलेली. तीही आपल्याच तोंडानं मागितलेली! बाईंना राहवेना. त्या सरळ आत घुसल्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मॅडम, ही तसलीच गणितं आहेत का हो?"

"मुळीच नाही. आणि तुम्ही आधी बाहेर व्हा!"

शेपटीनं कागदाचा कोपरा उचलला. वाचलं. कागद उलटला. पाय थांबला.

वेळ संपली तेव्हा मॅडम कागद ओढत होत्या आणि पोर सोडत नव्हती. "थांबा ना, आत्ता कुठं कळायला लागलंय!"

"शनिवारी ये, तिथं पुरं कर," मॅडम म्हणाल्या. मग बाईंकडे वळल्या. "पाठवा हिला. तुम्ही मात्र येऊ नका."

बाई हसल्या खऱ्या, पण मनातलं काहूर जाईना. शनिवार मॅडमचा. बाकीच्या दिवसांचं काय? मधल्या सुट्टीत त्यांनी सहावीच्या सरांकडून एक अवघड कोडं मागून घेतलं आणि स्वतःच सोडवायला घेतलं. घंटा झाली तरी सुटेना. तसाच कागद घेऊन त्या वर्गात आल्या आणि शेपटीच्या बाकावर ठेवला.

"हे मला येत नाहीये. बघ बरं."

शेपटीनं कागदाला हात लावला नाही. "हे झालं की तसलंच दुसरं देणार?"

"आधी हे तर सुटू दे, बये!"