बिनश्रीचा निरोप

संबंध नागपुरात माझ्या व्याह्यांइतका संताप आणणारा सज्जन माणूस दुसरा नसेल, हे मी लेखी द्यायला तयार आहे. दुर्जनावर चिडणं सोपं असतं, ते आपण रोज रस्त्यावर करतोच. पण ज्याच्याकडे बोट दाखवायला जागा नाही अशा माणसावर वर्षानुवर्षं चिडत राहायचं, तर त्याला अंगात दम लागतो. माझा दम आता संपत आला आहे. म्हणून, आणि त्यांच्याबद्दल आमच्या नात्यागोत्यात जी एक गोष्ट हसत हसत सांगितली जाते ती साफ चुकीची आहे म्हणून, मी हे लिहायला बसलो आहे. ज्यांना ती गोष्ट पाठ आहे त्यांनी तर हे जरूर वाचावं.

व्याही, इकडच्या बोलीत इवाई, म्हणजे माझ्या सुनेचे वडील. ते नंदनवनात राहतात, मी मनीषनगरात. त्यांच्या घरात पूर्वी हातमाग होता. ते स्वतः सरकारी कचेरीत चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले, पण अंगठा मात्र विणकराचाच राहिला. बटणांच्या फोनवर ते मेसेज लिहायला बसले की मागावर धोटा इकडून तिकडे जावा तसा त्यांचा अंगठा चालतो, आणि तोंडाने ते प्रत्येक अक्षर हळू आवाजात म्हणत असतात. मुलगी लग्न होऊन माझ्या मुलासोबत कॅनडाला गेली तेव्हा सगळ्यांनी त्यांना सांगितलं की आता मोठा फोन घ्या, व्हॉट्सॲप घ्या, फुकटात फोटो बघा. त्यांनी दोन दिवस कोणाचा तरी फोन वापरून पाहिला आणि परत केला. म्हणाले, इथं सकाळपासून कोणीही येतं, फुलं टाकून जातं, हे काही घर नाही, हा तर बाजार आहे. त्यापेक्षा साधा मेसेज बरा. तो एकाच्या हातून निघतो आणि एकाच्याच हाती पडतो. दुसऱ्या देशात मेसेज पाठवायला पैसे पडतात, हे मी त्यांना समजावून थकलो. त्यावर त्यांचं म्हणणं असं की पोस्टाचं तिकीट तरी कुठं फुकट मिळत होतं.

बरं, मेसेज तरी लहान असावा. ते नाव नको. सगळ्यात वर मधोमध 'श्री'. त्याखाली 'चि. सौ. हिस अनेक उत्तम आशीर्वाद'. मग इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवत जावे. एवढं होईपर्यंत मेसेजची जागा संपलेली असायची आणि मजकूर अजून सुरूच व्हायचा असायचा. मराठी मेसेज परदेशात जाताना फुटून तुकडे होतात. कॅनडात आधी 'कळावे' पोचायचं, मग मधली कैरीच्या लोणच्याची हकीकत, आणि आशीर्वाद दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमारास. मी त्यांना किती वेळा बजावलं असेल की अहो, तो श्री आणि ते आशीर्वाद गाळा, पोरीला सगळं ठाऊक आहे. ते कानाला हात लावायचे. आपल्याकडे ज्या चिठ्ठीच्या माथ्यावर श्री नाही, ती मयताची चिठ्ठी. ती वाचायची आणि उंबऱ्याबाहेरच फाडून टाकायची. त्यांच्या घरात हा नियम इतका कडक होता की दूधवाल्याला 'उद्या अर्धा लिटर जास्त' असं लिहून ठेवलेल्या कागदावरसुद्धा श्री असे. मुलगीही त्यातलीच. तिचं उत्तर 'श्री' आणि त्याखाली 'हो बाबा' एवढंच असलं तरी श्री चुकायचा नाही.

त्यांचा दुसरा छळ म्हणजे माझा मान. मुलगी दिली म्हणजे ती दुसऱ्याच्या घरची झाली, तेव्हा तिला काही कळवायचं तर आधी व्याह्यांच्या कानावर घालायचं, ही त्यांची रीत. ती त्यांनी मोबाइलच्या जमान्यातही सोडली नाही. मी दुपारी जरा आडवा झालो की फोन वाजायचा. एकदा असाच वाजला. पलीकडून अत्यंत गंभीर आवाज: "इवाईबुवा, घरच्या मांजरीले पिल्लं झाले. हे तुमच्या सुनेले कळवू काय?" मी झोपमोड झाल्याच्या रागात म्हणालो की एवढ्या मोठ्या गोष्टीचा निर्णय मी एकटा कसा घेणार, बायकोला विचारावं लागेल. वाटलं, टोमणा कळेल आणि फोन ठेवतील. ते म्हणाले, "विचारा, मी थांबतो." आणि खरंच थांबले. शेवटी मला उठून स्वयंपाकघरात जाऊन बायकोला मांजरीबद्दल विचारावं लागलं.

मे महिन्यात नागपूर तापलं की त्यांचे मेसेजही तापायचे. डोक्याले दुपट्टा बांधजो, खिशात कांदा ठेवजो, दुपारी बाहेर निघू नको. मी म्हणायचो, अहो, तिकडे लोक अजून कोट घालून हिंडतायत. त्यावर ते शांतपणे विचारायचे, कोट असू द्या, पण महिना तर मेच आहे ना? आणि सून तिकडून लिहायची, 'श्री. बांधला बाबा.' बापलेकीचं हे असं चालायचं आणि आम्ही हसायचो. माझा मुलगा तर जास्तच. तो तिकडे मित्रांना जेवायला बोलवायचा आणि सासऱ्यांचे मेसेज मोठ्याने वाचून, भाषांतर करून त्यांना हसवायचा. मला तो हे फोनवर कौतुकाने सांगायचा आणि मीही हसत असे.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. ती अशी सांगितली जाते: म्हातारा एकदा मेसेजवर श्री घालायला विसरला. पोरीला वाटलं, घरी कोणीतरी गेलं. ती बिचारी तशीच विमानात बसली, रडत रडत नागपूरला उतरली, तर समोर आईबाप दोघंही धडधाकट उभे. एका श्रीपायी एवढं महागडं तिकीट गेलं, वर नवराबायकोत बेबनाव होऊन संसारही गेला. मग लोक पोट धरून हसतात. त्यांना 'बिनश्री' असं नावही पडलं आहे. परवा आमच्या नात्यातल्या एका लग्नात एका भाच्याने माइक हातात घेऊन स्टेजवरून ही गोष्ट सांगितली. व्याही समोरच्याच रांगेत होते. हातात ताट घेऊन तेही सगळ्यांबरोबर हसले. माझा घास तोंडातच राहिला.

तो माणूस विसरला नव्हता. हे मी स्वच्छ सांगतो, कारण तो मेसेज जाण्याच्या आदल्या दिवशी ते माझ्या घरी येऊन बसले होते.

त्या दिवशी त्यांनी फोन न करता येणं हेच नवल होतं. चहा घेतला नाही. खिशातून फोन काढून त्यांनी मला सुनेचे अलीकडचे मेसेज दाखवले. 'मी मजेत आहे.' 'कामात आहे, नंतर बोलू.' 'सारखे मेसेज करू नका.' एकावरही श्री नव्हता. ते म्हणाले, "हे माह्या पोरीनं लिहिलेलं नाही. दुसरंच कोणी लिहून राहिलं." मी हसून म्हणालो की नवीन मुलं आहेत, सुधारली असेल, आणि मी तरी इतकी वर्षं तुम्हाला काय सांगतोय. त्यांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "तुमची परवानगी घ्याले आलो. उद्या तिले मेसेज करतो. त्याच्यावर श्री नाही राहणार." मी म्हणालो, चला, अक्कल आली, निदान तुकडे तरी होणार नाहीत. ते उठले, चपला घातल्या, माझ्या बायकोला नमस्कार केला आणि गेले. काय विचारायला आले होते, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. त्यांनी मात्र त्या अवस्थेतही माझा मान राखला होता. याचा मला आज जितका राग येतो तितका कशाचाच येत नाही.

तिकडे काय चाललं होतं ते सुनेने नंतर माझ्या बायकोला सांगितलं. माझ्या मुलाने तिचा फोन स्वतःकडे ठेवायला सुरुवात केली होती. उत्तरं तोच लिहायचा. पासपोर्ट त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्या खिशात, आणि बाहेर जायचं ते त्याच्याबरोबरच. कशासाठी, तर तिने नोकरी धरायची म्हटलं होतं म्हणून. मारहाण नव्हती, असं माझी बायको बरेच दिवस सगळ्यांना सांगत होती, जणू ते काही प्रमाणपत्र होतं. तर त्या संध्याकाळी व्याह्यांचा मेसेज आला: 'निघून ये. घरी काम आहे.' बस, एवढाच. माझा मुलगा सवयीप्रमाणे तो मोठ्याने वाचून हसला आणि म्हणाला, सुधारला तुझा बाप, आज श्रीही नाही आणि आशीर्वादही नाहीत. त्याच्याच तोंडून तिला कळलं. ती जेवता जेवता उठून उभी राहिली आणि म्हणाली, आमच्या घरी कोणीतरी गेलं. मग त्याचंही हसू थांबलं, कारण तोही शेवटी आमच्याच घरात वाढलेला. मयताला निघालेल्या लेकीला अडवायची छाती आमच्यात कोणाची नाही. कपाट त्याने स्वतः उघडलं आणि तिकीटही त्यानेच काढलं.

ती परत गेली नाही. नंदनवनातल्या घरी नातेवाईक गोळा झाले, अशी अचानक काहून आली म्हणून खोदून विचारू लागले, तेव्हा व्याही पुढे झाले आणि म्हणाले की माझीच चूक, श्री घालायचा राहून गेला. लोक हसले आणि मोकळे झाले. माझ्या मुलाचं नाव कोणी घेतलं नाही. मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो आणि मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. पुढे सगळं समजल्यावर मी त्यांना एकदा म्हणालो की आता मी लोकांना खरं सांगतो. ते म्हणाले, "नका सांगू. मले हसतीन अन् थकतीन. खरं सांगितलं तर रोज पोरीले विचारतीन." मग म्हणाले, "तिथून इथपर्यंत पोरगी रडतच येणार, हे मले माहीत होतं, इवाईबुवा. दुसरा रस्ता मले दिसला नाही." एवढं सोडलं तर त्या प्रवासाबद्दल ते कधी काही बोलले नाहीत.

सून आता नागपुरातच, बेसा भागात, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते, नोकरी करते. कायद्याने ती आमची कोणी नाही, पण मला अजून बाबा म्हणते. लग्नातल्या त्या माइकच्या प्रकारानंतर मी तिला विचारलं की लिहू का सगळं. ती म्हणाली, "लिहा बाबा. आता मले कोणी विचारलं तर मी उत्तर देऊ शकते." म्हणून मी काल दुपारी नंदनवनात गेलो, व्याह्यांना सांगायला की आता तुमचं काही ऐकणार नाही.

ते पलंगावर बसून मेसेज लिहीत होते. अंगठा चालला होता, ओठ हलत होते. मुलगी बेशाला, तिला तर ते रोज जाऊन भेटतात. मग हा परदेशी नंबर कोणाचा, म्हणून मी वाकून पाहिलं. माझ्या मुलाचा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने तुमच्या पोरीला कुलपात ठेवलं, ज्याने चारचौघांत तुमची टिंगल केली, त्याला कसले आशीर्वाद पाठवता, असं मी त्यांना त्यांच्याच घरात ओरडून विचारलं. विहीणबाई आतून बाहेर आल्या आणि परत आत गेल्या. व्याह्यांनी आधी हातातला शब्द पुरा केला.

"त्यानं वाईट केलं," ते म्हणाले. "माफ केलं असं नाही मी म्हणत. पण पोरगा तिकडे एकटा हाये. सणावाराले त्याले इकडून कोण लिहून राहिलं?"

मुलाशी मी बोलणं टाकलं त्याला आता बराच काळ झाला, आणि लोक त्याबद्दल माझी वाहवा करतात. मी विचारलं, तो उत्तर देतो का? ते म्हणाले, नाही देत, पण पोचल्याचं फोन सांगते. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला, नंबर लावून, पाटी कोरी करून. म्हणाले, "माह्या आशीर्वादानं त्याचं काय होते? तुम्ही लिहा. मी बाहेर बसतो."

आणि ते खरंच ओट्यावर जाऊन बसले. मी आयुष्यभर पानंच्या पानं लिहिलेला माणूस, बटणांवर बोट ठेवून बसलो. चार अक्षरं लिहिली, पुसली. परत लिहिली. रागाने लिहावं तर राग इतका जुना झालेला की त्याला शब्दच धरेनात. बाहेर ऊन कलत होतं. बऱ्याच वेळाने जाळीतून आवाज आला, "झालं काय?"

मी म्हणालो, नाही.

"होऊ द्या," ते म्हणाले. "मी बसलो हाये."