डाव्या कोपऱ्यातलं मरण

पहिला मेला तो एक शंख. चिंचोक्याएवढा काळा शंख. पेटीच्या काचेला चिकटून रोज बोटभर वर सरकायचा. माघातल्या एका सकाळी तो तळाला उताणा पडलेला जळबा पाईकरावाला दिसला. जळबाने तो बाहेर काढला, नाकाशी धरला आणि अंगणात पुरून टाकला. ज्या माणसाने मुंबईच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एकतीस वर्षं शिपायाची नोकरी केली, त्याला शंखाच्या मरणाचं काय एवढं? पण त्याच दुपारी, शंख पडला होता त्याच डाव्या कोपऱ्यात, दगडावरची तीन फुलं उघडली नाहीत. तेव्हा मात्र तो पेटीपुढे उकिडवा बसला.

साल शहात्तर. गाव शिरड शहापूर. इथून दर्या इतका लांब की गावातल्या निम्म्या माणसांनी तो कॅलेंडरावरच पाहिलेला. आणि बौद्धवाड्यातल्या जळबाच्या ओसरीवर मात्र लाकडी चौकटीची काचेची पेटी, पेटीत खारं पाणी आणि पाण्यात नारळाएवढा एक दगड! दगडावर शंभर-सव्वाशे जीव वस्तीला. पोवळ्याच्या जातीचे. शर्टाच्या बटणाएवढे, हिरवट, कडेला बारीक झालर. ऊन चढलं की उघडायचे, धक्का लागला की मिटायचे. जळबा त्यांना फुलं म्हणायचा.

पेटी दिली होती कॉलेजातल्या मेडोरा साहेबांनी, निरोपाच्या दिवशी. दगड त्याने स्वतः ओहोटीला खडकावरून आणला. चार प्लास्टिकच्या कॅनांत दर्याचं पाणी भरलं आणि मनमाड, पूर्णा, वसमत अशा गाड्या बदलत गडी घरी आला. वसमतच्या हमालाने कॅन उचलून विचारलं, "तेल हाय का भाऊ?"

"दर्या हाय," जळबा म्हणाला.

हमालाने कॅन खाली ठेवला आणि आधी जळबाच्या तोंडाचा वास घेतला.

हा सगळा खटाटोप एका माणसासाठी होता. चांगुणा, त्याची बायको. लग्न झालं तेव्हा जळबा तिला म्हणाला होता, "तुला दर्या दाखवीन." मग सासूचं दुखणं आलं, दोन लेकी झाल्या, दोन एकर रान होतं, चांगुणा शिरडलाच राहिली आणि जळबा वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा येत राहिला. शेवटी नोकरी संपत आली, तेव्हा तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं: नजर कडेकडेने मिटत येईल, मधे थोडकी उरेल, मग तीही जाईल. दिवाळी दिसेल की नाही, सांगता येत नाही. त्यातच न दिसलेल्या उंबऱ्याला अडखळून ती पडली आणि खुबा मोडला. काठी टेकत घरात फिरायची तेवढीच. बस आणि रेल्वेचे धक्के तिच्याच्याने सोसणार नव्हते.

मग जळबाने दर्यालाच घरी आणलं.

पहिल्या दिवशी तिने काचेला नाक टेकवलं. बराच वेळ फुलं मिटलेलीच. मग एकदम म्हणाली, "उघडलं की हो! हे बघा, हे पण! काय बाई नखरा यांचा, नवरीसारखा!" त्या दिवसापासून दुपार म्हणजे चांगुणाची. ती ओसरीवर पेटीच्या डाव्या अंगाला बसायची आणि फुलं मोजायची. मोजता मोजता हरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

तिने एक काम आपल्याकडे मागूनच घेतलं. पेटीतलं पाणी रोज उडून कमी व्हायचं. मीठ मागे राहायचं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. जळबाने पेटीत पाण्याच्या उंचीवर एक आडवा दोरा बांधून दिला होता. चांगुणा बोटाने दोरा चाचपायची, पाणी त्याच्या खाली गेलं असलं की बसल्या जागेवरून तांब्याने भर घालायची. आणि पाणी कुठलं? घरातलं सगळ्यात चांगलं. तांब्याच्या हंड्यातलं.

त्या हंड्याबद्दल सांगायलाच हवं. चांगुणाच्या लहानपणी तिची आई विहिरीच्या खाली मडकं घेऊन ताटकळत उभी राहायची. वरून कुणाला दया आली तर ओतणार. मडकं मातीचंच, अस्पृश्यांच्या डोक्यावर तांब्यापितळेचं भांडं दिसलं की गावाच्या डोळ्यांत कुसळ जायचं. धम्म घेतला त्या वर्षी चांगुणाने घरातली मडकी एकेक करून उकिरड्यावर फोडली आणि तांब्याचा हंडा आणला. तो कमरेवर घेऊन ती पहिल्यांदा गावविहिरीवर गेली, तेव्हा कुणाकडे न बघता, नाटकातली राणी दरबारात येते तशी पायऱ्या चढली होती. खुबा मोडल्यावर पाणी जळबा आणायचा, पण हंडा घासायची तीच. रोज सकाळी चिंच आणि मीठ लावून, बोटांनी चाचपून, कुठे डाग राहिला का बघत. पाहुण्याला पाणी त्याच हंड्यातलं. आणि दर्याहून आलेला पाहुणा तर पाहुण्यांचा पाहुणा!

फाल्गुनात मरण उजवीकडे सरकू लागलं. आधी फूल मिटायचं. मग त्याच्यावर शेंबडासारखा पांढरा पदर चढायचा. तिसऱ्या दिवशी तिथे उघडा दगड. जळबा सकाळी उठला की तोंड धुण्याआधी पेटीपाशी जायचा आणि रोज सीमा थोडी पुढे आलेली असायची.

त्याने आधी उन्हाला धरलं. शिरडचा उन्हाळा, कौलं तापून भट्टी! पेटीभोवती ओली पोती गुंडाळली, तासातासाला शिंपडली. पाणी गार झालं. मरण थांबलं नाही. मग उजेड. कौलातली काच पोत्याने झाकली, दोन दिवसांनी काढली. काही फरक नाही. मग मीठ. काचेच्या नळीत छर्रे भरून त्याने तरंगणारं माप केलं होतं. ते रेघेवर बरोबर उभं राहत होतं. राहता राहिली हवा.

हवा म्हणजे हिरासिंगचं खातं. हिरासिंग सडकेवर पंक्चर काढायचा. वाड्यात विजेचा भरवसा नाही, म्हणून त्याने ट्रकची जुनी ट्यूब हवा भरून द्यायची आणि सलाईनच्या नळीतून ती एकेक बुडबुड्याने पेटीत सुटायची, अशी जळबाची युक्ती.

"जळबाभाऊ, लोक म्हशीला पेंड घालतात, तुमी दगडाला हवा घालून राहिले," हिरासिंग पंप मारता मारता म्हणाला. "उद्या त्याला शाळंत घालता का?"

"ट्यूबमधे काही घाण तर न्हाई ना? तेल, डिझेल?"

हिरासिंग हसायचा थांबला. "माझ्या हवेवर आळ? बरं, नवी ट्यूब घ्या. पण एक सांगू? जी गोष्ट इथली न्हाई, ती इथं टिकत न्हाई. वहिनीला आत्ताच सांगून टाका."

नव्या ट्यूबनेही काही झालं नाही. बाहेर वाड्यात कुजबुज सुरू झाली होती की खाऱ्या पाण्याने घरात अवदसा आणली, चांगुणाचे डोळे त्यापायीच चाललेत. जळबाच्या कानावर ते आलं. त्याने दार लावून घेतलं.

मग चैत्रात त्याने दगड फिरवला. जिवंत बाजू डावीकडे, मेलेली उजवीकडे. मेडोरा साहेब असंच करायचे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि थांबायचं. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी, कालपर्यंत ठणठणीत असलेली डावीकडची सात फुलं मिटली ती मिटली.

म्हणजे रोग दगडात नव्हता. तो डाव्या कोपऱ्यातून पेटीत उतरत होता.

जळबा समोरच्या खांबाला टेकून बसला. दुपार झाली. आतून काठीचा आवाज आला. चांगुणा आपल्या जागी बसली, बोटाने दोरा चाचपला आणि डाव्या कोपऱ्यात तांब्या ओतला. पाणी धारेने गेलं, लख्ख, थंड. जळबाची नजर धारेवरून आतल्या चकचकीत हंड्याकडे गेली. प्रयोगशाळेत पेटीत लोखंड घालायची बंदी होती, गंजतं म्हणून. तांब्याचं कुणी बोललं नव्हतं, कारण तिथे गोडं पाणी काचेच्या बाटल्यांतूनच यायचं. आणि तांबं वाईट, हे त्याच्या मनात तरी कसं यावं?

दुसऱ्या दिवशी त्याने शेवटचे दोन शंख पेटीतून काढून दोन काचेच्या बरण्यांत ठेवले. दोन्हींत खारं पाणी सारखं. एकीत भर हंड्यातली, दुसरीत पोहऱ्यातून सरळ काचेच्या बाटलीत घेतलेली. विहीर तीच. संध्याकाळी पहिल्या बरणीतला शंख काचेवरून सुटून पडला. दुसरा आपला चालतच होता.

"काय करून राहिले बरण्यांचं?" चांगुणाने विचारलं.

जळबा उठला, तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "काही न्हाई. उन्हानं मरून राहिलेत ते."

"खोटं बोलायच्या आधी तुमी पाणी पिता. लग्नापासून बघते."

जळबाने तांब्या पालथा घातला.

"माझ्या हातचं काही हाय का? काहून बोलत न्हाई? डोळे चाललेत माझे, कान न्हाई गेले. शंख पडला तो आवाज मी ऐकला."

मग त्याने सांगितलं. तांबं पाण्यात उतरतं. चिंचेने घासलेल्या हंड्यातून तर जास्तच. माणसाला ते बाधत नाही, पण या जिवांना त्याचा कणही विष. ती ऐकत राहिली. तिचा हात काठीवर होता.

"म्हंजे मी रोज दुपारी मोजत होते," ती म्हणाली, "आन् मीच मारत होते."

"तू आदरानं घालत होतीस."

"त्यांना काय माझ्या आदराचं!" तिने तोंड फिरवलं. रात्री ती जेवली नाही.

सकाळी तिने जळबाला कुंभारवाड्यात पाठवलं. वीस वर्षांत त्या घरात मातीचं भांडं आलं नव्हतं. जळबा म्हणाला, बाटलीनंच घालू की. ती म्हणाली, "बाटलीनं तुमी घालाल. मला मडकं आना. माझ्या हातानं मारलं, माझ्याच हातानं घालीन." मडकं आलं, तेव्हा तिने ते मांडीवर घेऊन काठावरून बोट फिरवलं, आणि एकदम मान झटकली, कुणी वरून पाणी ओतल्यासारखी. पण ठेवलं ते आपल्याच उशाशी.

जळबाने राखून ठेवलेले शेवटचे दोन कॅन फोडून पेटीतलं पाणी सगळं बदललं. पण दगडाने तांबं पिऊन घेतलं होतं. नव्या पाण्यात तो ते हळूहळू सोडत राहिला. वैशाखात चाळीस फुलं होती, ज्येष्ठात सव्वीस. मरण आता कुठल्याच कोपऱ्यातून येत नव्हतं, सगळीकडून येत होतं. चांगुणाही आता मोजताना काचेला नाक टेकवूनच बसायची; बाजूचं तिला दिसेनासं झालं होतं.

आषाढात अकरा उरली. मग ती अकरा अकराच राहिली. आठवडा गेला, दुसरा गेला. एका दुपारी ढग फाटून कौलातल्या काचेतून उन्हाची तिरीप आली आणि अकराच्या अकरा फुलं उघडली, झालरीसकट, पहिल्या दिवसांत उघडायची तशी.

"चांगुणा! ये, लवकर ये!"

ती काठी टेकत आली. जळबाने तिचं डोकं धरून काचेपाशी नेलं, उजवीकडे केलं, डावीकडे केलं. ती पापणी न हलवता बघत होती.

"दिसतंय का?"

"न्हाई."

"हे मधलं? मोठं हाय बघ."

"न्हाई हो. उजेड दिसतो नुसता."

ओसरीवर ट्यूबमधली हवा तेवढी बुडबुडत होती. चांगुणाने काचेवर तळवा ठेवला.

"जित्ती हायेत का पन?"

"हायेत. अकराच्या अकरा."

"मग मडकं द्या इकडं. दोरा उघडा पडला असंल."

तिने बोटाने दोरा चाचपला आणि न सांडता, अगदी बारीक धारेने, पाणी घातलं.