रुसलेल्या म्हशीचं पार्श्वसंगीत

नांदेडात माझा ध्वनिमुद्रणाचा छोटासा स्टुडिओ आहे. भिंतींना आतून गाद्या ठोकल्यात, त्यामुळे आतला आवाज बाहेर जात नाही. बहुतेक त्यामुळेच किस्सेही आतच साठत जातात. कुणी चहाला टेकलं की एखादा निघतो, आणि एकदा दिगंबर सरांचा निघाला की बाकीच्यांचा नंबरच लागत नाही.

सर मूळचे लातूरचे, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्यावर नांदेडात राहायला आलेले. तीस-बत्तीस वर्षं प्रार्थना आणि पाहुण्यांची स्वागतगीतं बसवली, पण स्वतःच्या नावानं एक चाल कुठं वाजली नाही. त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं लातुरात कार्टूनचा सिनेमा करायला घेतला. गोष्ट मजेशीर. घरातली म्हैस फक्त लेकीच्या हाताला दूध देते, लेक लग्न होऊन देगलूरला जाते, मग अख्खं घर म्हशीला घेऊन व्याह्यांच्या दारात! संगीत सरांनीच करायचं, असा त्या विद्यार्थ्याचा हट्ट.

पैसे लावणाऱ्या मॅडम पुण्याच्या. त्यांच्याकडं कॉम्प्युटरवरचं तयार संगीत होतं. त्यांनी सरळ सांगितलं, "एका शाळेत मुलांना दाखवू. मुलं चुळबुळ करायला लागली, तर तयार संगीत लावू. मग सिनेमात तुमचं नावही येणार नाही."

सर फक्त "हाव, चालंल" म्हणाले. पण त्या दिवशी चहात साखर घालायची विसरले आणि तसाच पिऊन टाकला.

*

पहिला प्रश्न म्हशीचा. सर माझा रेकॉर्डर घेऊन इस्लापूरला मेहुण्याच्या गोठ्यात दोन दिवस बसले. म्हशीनं तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सर परतले, ते खुशीत.

"विलास, ती माझ्यावर रुसली होती. रुसलेली म्हैस वरडत न्हाई, नुसती फुसफुसती. आपल्याला तेच पायजे."

मग लग्नाच्या बँडमधला युफोनियम, म्हणजे तो मोठा पितळी भोंगा, आणला आणि त्याच्या तोंडात ओलं गोणपाट कोंबलं. काय सांगू, असा तोंड फुगवल्यासारखा आवाज आला की मला त्या म्हशीची मनापासून दया आली!

*

सिनेमातल्या आजीसाठी सरांनी हार्मोनियम ठरवला होता. पोळपाट न्यायला आलेल्या काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, तो ऐकला. पोळपाट आमच्याकडं कसा आला ते विचारू नका, सरांचं अर्धं स्वयंपाकघर त्या महिन्यात स्टुडिओतच होतं.

काकू म्हणाल्या, सासू अशी एका सुरात बोलत नसते. त्यांनी पदर खोचला, खलबत्ता पुढ्यात ओढला आणि कुटायला लागल्या. आधी सावकाश, मग चढत चढत, मध्येच थांबायचं, सगळे निवांत झाले की शेवटचा एक दणका. सरांनी मला खुणेनंच रेकॉर्डिंग सुरू करायला लावलं. सिनेमातली आजी आजही तशीच बोलते. आपण नेमकी कुणाची सासू वाजवली, हे काकूंनी कधी सांगितलं नाही, आणि सरांनी विचारलंही नाही.

*

खरी कसोटी बँडवाल्यांची. चांदपाशा मास्तरांचा बँड म्हणजे आमच्या भागात एक नंबर. पण स्टुडिओत खुर्च्यांवर बसवल्यावर एकाचा दुसऱ्याशी मेळ बसेना. जन्मभर चालत वाजवलेलं! पाय हलले नाहीत की त्यांचा ताल हलतो. सरांनी सगळ्यांना उचलून एका रिकाम्या गोदामात नेलं. ते गोल फिरत वाजवायचे आणि मधोमध माइक घेऊन मीही गरगर फिरायचो.

तालाचं जमलं, पण शेवट काही होईना. चित्र संपायचं, बँड आपला चालूच.

चांदपाशा मास्तर कसनुसे होऊन म्हणाले, "सर, आमाला शेवट कुटं येतोय? नवरदेव घोड्यावरून उतरला की थांबायचं, येवडंच ठाव हाय."

सरांनी मला टेबलावर चढवलं. माझ्या डोक्याला टॉवेल गुंडाळला. पडद्यावरचं चित्र जिथं संपेल तिथं मी खाली उतरायचं. मी उतरलो. बारा माणसं एका श्वासात गप्प! त्या दिवशी मी एकोणीस वेळा नवरदेव झालो. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, एकदा झालात तेवढं पुरे होतं.

*

देगलूरच्या व्याह्यांचं भांडण हा मात्र सरांच्या डोक्याचा खरा कळस. तिकडं एकाच ओसरीवर मराठी, तेलुगू, कानडी सुखानं नांदतात. सरांनी जावयाचा बाप आणि दोन काका अशा तीन व्याह्यांना तीन ताल दिले, आठ मात्रांचा, सात मात्रांचा आणि सहा मात्रांचा. सगळे एकदम सुरू. मला वाटलं, झाली खिचडी! मी बोटांवर मोजायला लागलो.

सर म्हणाले, "मोजू नगंस, ऐक. एकशे अडुसष्ट मात्रा झाल्या की तिघंबी समेवर येत्यात. भांडण कितीबी लांबू दे, जेवायला एकत्रच बसावं लागतंय."

आणि खरंच आले. फक्त चित्र चार सेकंद कमी पडलं. ते चार सेकंद विद्यार्थ्यानं मुकाट्यानं नवीन काढून दिले.

*

शेवटी तो दिवस आला. हदगावची शाळा, दुपारची वेळ. खिडक्यांना सतरंज्या लावून हॉलमध्ये अंधार केलेला. तिसरी-चौथीची पोरं खाली मांडी घालून, मॅडम पहिल्या खुर्चीत. सर सगळ्यात मागं दाराला टेकून उभे. बसा म्हटलं तरी बसेनात.

सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, म्हशीला न्यायला दारात टेम्पो आला, आणि लाइट गेली. पडदा काळा. लॅपटॉप आणि स्पीकर बॅटरीवर होते, त्यामुळे आवाज तेवढा चालू राहिला. आता पोरं उठणार आणि सरांचा खेळ खलास. मी बंद करायला हात पुढं केला, तर मॅडमनी माझं मनगट धरलं.

ओल्या गोणपाटातून तीन सूर वर चढले आणि अडकले.

अंधारात एक पोरगं हळूच म्हणालं, "म्हैस टेम्पोत चढंना झालीय."

खलबत्ता वाजला. दुसरं म्हणालं, "आजी चिडली." मग बँड सुरू झाला, बँड अचानक थांबला, आणि सगळा हॉल एकदम हसला. पोरं कशाला हसली ते मला विचारू नका, पण चित्रात त्याच जागी आजोबा शेणात बसतात.

सात-आठ मिनिटं हे असंच चाललं. एक पोरगं जागचं हललं नाही. मागं वळून सरांकडं बघायची माझी हिंमत होईना.

मग लाइट आली. पडद्यावर म्हैस, अजून दोन पाय टेम्पोत, दोन बाहेर. पहिल्या रांगेतल्या एका पोरीनं डोळे चोळले, पडद्याकडं बघितलं आणि माझ्याकडं वळून तक्रारीच्या सुरात म्हणाली,

"सर, लाइट घालवा की परत. नीट दिसंना झालंय."