नऊ वाजताचं ताट आणि बाबांचं तिकीट

सप्टेंबरचा पहिला सोमवार, सुट्टीचा दिवस. रक्कम पाचशे चाळीस डॉलर. हजर: मी, बायको, नऊ वर्षांची आमची लेक आणि नागपूरहून नुकतेच आलेले माझे बाबा. मुलीला शाळेतून काढून घरी शिकवायचं आम्ही ठरवलं होतं, आणि वर्षभराच्या पुस्तकांच्या संचाची ही किंमत मी जेवताना सांगितली.

बाबा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी ताट सरकवलं. "माझ्या आजोबांना शाळेत व्हरांड्यात बसवायचे. आतल्या बाकावर बसायला आपल्या दोन पिढ्या गेल्या. अन् तू लेकीला बाहेर काढून राहिला?"

"आजोबा, आय ॲम नॉट आउट," लेक म्हणाली. "आय ॲम होम."

बाबा हसले नाहीत.

आमच्या गावची, नोव्हायची शाळा वाईट नव्हती, बाईही प्रेमळ होत्या. पण आमच्या मुलीला प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो. तिला अपूर्णांक कळू लागेपर्यंत वर्ग दशांशावर गेलेला असायचा. मग रोज सकाळी बसच्या वेळेला पोट दुखायचं. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. बायको घरूनच काम करते, मी तीनला घरी येतो; वेळेचं गणित जमत होतं. बाबांचं मन मोडून मात्र मला हे करायचं नव्हतं. मी स्वतः त्यांच्याच शाळेत शिकलो.

दोन दिवसांनी त्यांनी अट घातली. "माझं तिकीट नोव्हेंबरअखेरचं आहे. सहा डिसेंबरला मी नागपुरात असतो, दरवर्षी. तोवर मी शिकवीन. पण घरात असली तरी शाळा शाळेसारखी चालेल."

आणि तशी चालली. सकाळी नऊला स्टीलच्या ताटावर डाव आपटून घंटा. इस्त्रीचा शर्ट, घरातसुद्धा पायात बूट, आणि एका मुलीची हजेरी. ती सोफ्यावरून "प्रेझेंट" म्हणायची, बाबा म्हणायचे, "उभं राहून." पस्तीस मिनिटांनी पुन्हा ताट. ऑफिसच्या कॉलवर असलेली बायको म्यूट करायला धावायची.

तिसऱ्या आठवड्यात मुलीचं पोट पुन्हा दुखू लागलं. बाबा तिच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसले.

"नेमकं केव्हा दुखते?"

"व्हेन यू हिट द प्लेट. आय ॲम नॉट डन, अँड यू हिट इट."

दुसऱ्या दिवसापासून ताट मांडणीवरच राहिलं. बूटही दाराशी गेले.

त्यानंतर दोघांनी गॅरेजमध्ये पुस्तकांसाठी शेल्फ करायला घेतलं. मापाची टेप इंचांची, आणि बाबांचं सगळं आयुष्य सेंटिमीटरमध्ये गेलेलं. "पाच-अष्टमांश इंच? असं कोण मोजते?"

"एव्हरीबडी, आजोबा. सी, दिस लाइन." ती त्यांना रेघा दाखवायची, ते तिला छेद-अंश सांगायचे. पहिली फळी आखूड कापली गेली. ती का चुकली, हे शोधण्यात अख्खा दिवस गेला, आणि कुणी कुणाला पुढच्या तासाला हाकललं नाही. घरच्या शाळेचा फायदा मला विचाराल तर तो अख्खा दिवस. असा दिवस कुठलाच भरलेला वर्ग एका मुलीला देऊ शकत नाही. पोट दुखायचं थांबलं.

नोव्हेंबरमध्ये बाबांची बॅग बाहेर निघाली.

"भागाकार राहिलाय," लेक म्हणाली.

"तुझा बाप शिकवील."

"ही गोज टू फास्ट."

बायको जोरात हसली. बाबांनी बॅगेची चेन अर्ध्यावर सोडली. "तिकीट पुढं ढकलता येते का?"

"आणि सहा डिसेंबर?" मी विचारलं.

"ते इथंही येतेच ना. बुद्धवंदना घरी घेऊ. अन् शाळा सुरू असताना मास्तर सुटीवर जात नाही."

ताट आणि बूट गेल्यानंतर याला ते पहिल्यांदाच शाळा म्हणाले.

पुस्तकांचा संच आम्ही मागवलाच नाही, लायब्ररीवर भागलं. फळ्या आणि स्क्रूचे अडतीस डॉलर हार्डवेअरच्या दुकानाला दिले, आणि बाबांचं तिकीट फेब्रुवारीवर नेण्याचे एकशे नव्वद डॉलर विमान कंपनीला.