एकही चिठ्ठी देणार नाही

आमचे हे विधानसभेला उभे राहिले आणि सपशेल पडले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. माझा जीव टांगणीला होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. ह्यांचा प्रचार आणि लेकीच्या कॉलेजप्रवेशाचे शेवटचे दिवस एकाच वेळी आले, आणि दोन्हींनी मिळून माझ्या डोक्याची पार मंडई करून टाकली.

ह्यांचा जाहीरनामा एका ओळीचा होता. ‘मी निवडून आलो तर एकही चिठ्ठी देणार नाही.’ बाकीचे लोक रस्ता देईन, पाणी देईन म्हणून मतं मागतात. आमच्या घरातला माणूस काय देणार नाही ते सांगत मतं मागायला निघाला. पत्रकं छापून आली तेव्हा ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि कपाळावर हात मारला.

चिठ्ठी म्हणजे आमदाराच्या लेटरहेडवरचं शिफारसपत्र. अर्जदार माझ्या परिचयाचे आहेत, त्यांचं काम प्राधान्याने करावं, खाली सही. हे तीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, वहीत लिहायचं आणि पुढे पाठवायचं. त्या टेबलावरून ह्यांना एकच गोष्ट दिसली, पण ती रोज दिसली. चिठ्ठी लागलेला अर्ज गठ्ठ्याच्या वर जातो आणि बाकीचे सगळे एकेक घर खाली सरकतात. खाली सरकलेल्याला ते कधीच कळत नाही, त्याला वाटतं सरकारी काम आहे, वेळ लागणारच. रिटायर झाल्यावर माणसं गावी घर बांधतात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होऊन लोकांना छळतात. ह्यांनी ठरवलं की आमदार व्हायचं आणि गठ्ठा सरळ करायचा. अर्ज नंबराने निघाला पाहिजे, नंबर लोकांना दिसला पाहिजे, मुदत टळली तर टेबलावरच्या माणसाने जाब दिला पाहिजे.

यात चूक काहीच नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. चुकीच्या गोष्टीसाठी नवरा उन्हातान्हात फिरत असता तर भांडून थांबवता तरी आलं असतं.

अजून फॉर्म भरायचा होता, आचारसंहिता लागायची होती, पण हे रोज सकाळी दोन रिटायर सहकाऱ्यांना घेऊन घरोघर जायचे. माझी बालवाडी सुटली की मीही जायचे. एके दिवशी खाडीकाठच्या कोळीवाड्यात गेलो. दारात मासळी निवडत बसलेल्या एका म्हातारीने ह्यांचं सगळं बोलणं नीट ऐकून घेतलं. नंबराने काम, मुदतीत काम, कोणाच्या पाया पडायला नको. मग सुरी खाली ठेवून तिने विचारलं, “चिट्टी नाय देनार, तं निवरून येवून करशील काय?”

हे पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागले. म्हातारी मान हलवत राहिली. आम्ही निघालो तशी मला हाताला धरून हळूच म्हणाली की नातवाच्या होडीच्या कागदाचं अडलंय, तेवढी एक चिठ्ठी तरी बघ. घरीही तेच. सकाळी चहा ठेवला की बेल वाजायची. जयभीम सर, भावाच्या नळजोडणीचं बघा ना, त्याच्या दिव्याच्या चाळीत पाणीच नाही. सर, आईचं पेन्शन सुरू होत नाही. हे प्रत्येकाला बसवून अर्ज कसा करायचा ते सांगायचे, कोरा कागद काढून स्वतः लिहून द्यायचे. लोक तो अर्ज घेऊन मुकाट्याने विद्यमान आमदारांच्या कार्यालयात जायचे आणि त्यालाच चिठ्ठी लावून आणायचे. अर्ज मुद्देसूद असल्यामुळे तिथे त्यांचं काम लवकर व्हायचं म्हणे. म्हणजे आम्ही विरोधी उमेदवाराचे फुकटचे कारकून.

आणि या सगळ्यात माझी लेक. तिला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता, कॉम्प्युटरला. मला ही बातमी कळली तेव्हा मी शहाडला माहेरी होते. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. पण तो प्रवेश कच्चा होता. जातवैधतेचं प्रमाणपत्र मुदतीत जमा केलं नाही तर सीट जाणार. अर्ज ह्यांनी बारावीच्या वर्षातच भरलेला, सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यापासून एकूण एक कागद लावलेला, त्रुटी काढायला जागा नाही असा. तरी महिनोन्‌महिने मोबाइलवर एकच शब्द दिसायचा, प्रक्रियेत. लेक जेवताना ताटाशेजारी फोन ठेवायची आणि घासागणिक बोटाने स्क्रीन खाली ओढायची.

मुदत शुक्रवारी संपत होती. आदल्या शनिवारी मी ह्यांच्या खनपटीला बसले. जातवैधतेच्या कचेरीत ह्यांच्याबरोबर काम केलेला एक माणूस आहे, मला माहीत होतं.

“अहो, एक फोन करा. नुसतं विचारा, कुठे अडलंय.”

“अगं, अडलेलं नाही. गठ्ठ्यात आहे. आपला नंबर येईल.”

“आणि शनिवारी आला तर?”

“मुदतीच्या आत यायलाच पाहिजे. नियम आहे.”

“पप्पा, नियम त्यांना माहितीये का?” लेक म्हणाली आणि उठून आत गेली. ह्यांनी तिच्या उरलेल्या ताटाकडे बघितलं, पण फोन केला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेरच्या लोकांना हक्क समजावत फिरणाऱ्या माणसाला घरातल्या पोरीचं तोंड दिसत नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. दिसत होतं, हे आता कळतं. पण ती समजूत तेव्हा काय कामाची?

मंगळवारी बालवाडीत अर्धी रजा टाकली आणि मी सरळ विद्यमान आमदारांच्या कार्यालयात गेले. खोटं कशाला सांगू, मनात नवऱ्याला जन्माची अद्दल घडवायची खुमखुमीही होती.

मला वाटलं होतं अपमान करतील. केला असता तर बरं झालं असतं. तिथल्या कार्यकर्त्याने मला लगेच ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. “वहिनी, सर खूप फिरतायत. त्यांना म्हणा, टोपी घालत जा, ऊन लागेल.” लेकीचं ऐकून तो खरंच हळहळला. त्याची पुतणीही त्याच लफड्यात अडकलेली म्हणे. कॉम्प्युटरमध्ये मजकूर तयारच होता, नाव आणि अर्जाचा नंबर तेवढा भरायचा. आमदार तिथे नव्हते, पण सही आधीच करून ठेवलेल्या लेटरहेडचा गठ्ठा होता. पाच मिनिटांत कागद माझ्या हातात.

“एक फोटो घेऊ या, वहिनी. आमची पद्धत आहे.”

आणि मी, जिने आयुष्यभर पोरांना नाही म्हणायला शिका असं शिकवलं, ती चिठ्ठी छातीशी धरून फोटोला उभी राहिले. मी घरी पोचायच्या आत फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, विहाराच्या ग्रुपवर, सगळीकडे पोचला होता. हे पंख्याखाली बसून तोच बघत होते. मी चप्पलही काढली नाही, भांडायची तयारी करून उभी राहिले.

हे म्हणाले, “अर्जाचा नंबर बरोबर टाकलाय ना त्यांनी? बघू.”

चष्मा पुसून ह्यांनी चिठ्ठी वाचली, नंबर दोनदा पडताळला आणि परत दिली. मग म्हणाले, “आता खालचा कोणीतरी सरकणार.”

“खालचा कोण ते मला माहीत नाही,” मी ओरडले. “वरची माझी मुलगी आहे!”

दुसऱ्या दिवशी प्रचाराची वाट लागणार, लोक तोंडात शेण घालणार, म्हणून मी धास्तावून दार उघडलं. दारात पाच माणसं उभी. सगळ्यांचा सूर एकच, “वहिनी, तुमची तिकडे एवढी ओळख आहे, कधी बोलला नाहीत! आमचंही जरा सांगा ना.” ह्यांच्या सहकाऱ्यांपैकी एक तर खूश होता. म्हणाला, आता आपली मतं वाढतील. मी हात टेकले.

त्याच बुधवारी चिठ्ठी घेऊन कचेरीत गेले. दारातला शिपाई म्हणाला, “आज पब्लिक बंद. अर्धा स्टाफ मतदारयाद्यांच्या कामाला गेलाय.” मी लेटरहेड दाखवलं. दार उघडलं.

टेबलावरच्या माणसाने चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही. वरचा नंबर बघितला, खालचा ड्रॉवर ओढला आणि एक जुडगा काढला. त्यात वरून चौथं माझ्या लेकीचं प्रमाणपत्र. सही झालेली, शिक्का मारलेला. तारीख अकरा दिवसांपूर्वीची.

“हे तयार होतं?” मी विचारलं.

“हो मॅडम. अपलोड करायचं राहिलं होतं.”

त्याने माझ्यासमोर ते चढवलं. तिकडे लेकीचा फोन वाजला असणार. बाकीचा जुडगा त्याने परत ड्रॉवरमध्ये टाकला आणि पायाने ड्रॉवर ढकलला. सगळ्यात वरच्या कागदावर दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो होता, शाळेच्या गणवेशातला. तो मी नीट बघितला. आणि बाहेर येऊन रिक्षा पकडली.

घरात लेक नाचत होती. तिने पेढे आणले होते. ह्यांना मी सगळं सांगितलं, तारखेसकट. वाटलं, आता म्हणतील, बघ, नंबरानेच झालं होतं. ते म्हणाले नाहीत. विचारलं, “जुडग्यातल्या बाकीच्यांचं काय झालं?”

“मी काय करणार? मी काय आमदार आहे का?”

तोंडातून गेलं आणि हातातला अर्धा पेढा मी परत डब्यात ठेवला. शुक्रवार त्या मुलीचाही होता.

गुरुवारी बालवाडीला पूर्ण दांडी मारली आणि पुन्हा गेले. या वेळी चिठ्ठी नव्हती. शिपायाने काल मला बघितलेलं, तरी म्हणाला, “पब्लिक बंद.” मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. सकाळी अकरा ते दुपारी चार बसले. शिपायाने दोनदा उठायला सांगितलं, मी दोनदा नाही म्हटलं. चारला टेबलावरचा माणूस चहाला बाहेर आला.

“मॅडम, तुमचं झालं ना काल?”

“त्या जुडग्यातल्या बाकीच्यांचं राहिलंय.”

“ते तुमचे कोण लागतात?”

“कोणी नाही.”

तो गोंधळला. मी भांडायला आले असते तर त्याला कळलं असतं, ओळख सांगितली असती तरी कळलं असतं. “चिठ्ठी आणलीय का त्यांच्यासाठी?” त्याने अगदी मदत करायच्या सुरात विचारलं.

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही. चढवलेत की मी उठेन.”

तो चहा न पिताच आत गेला. साडेपाचला लेकीचा फोन आला. तिच्या क्लासच्या ग्रुपवर एकापाठोपाठ एक मेसेज पडत होते, माझं आलं, माझं पण आलं. एक मुलगी दिव्याची, एक कोपरची. वेण्यांवाली त्यात होती की नाही, मला माहीत नाही.

घरी आले तर हे दारातच उभे, चेहरा उजळलेला. “बघितलंस? चिठ्ठीशिवाय झालं!”

माझी कंबर बाकावर बसून बसून मोडली होती, पोटात सकाळपासून एक पेढा होता. “हो, झालं,” मी म्हटलं. “एका बाईने रजा टाकून, उपाशी, दिवसभर दारात बसायचं, तेव्हा सही झालेला कागद ड्रॉवरमधून बाहेर येणार. उद्या निवडून आलात तर प्रत्येक टेबलापुढे एकेक बाई बसवणार आहात का?”

हे आत गेले आणि मला जेवायला वाढून घेऊन आले.